चिमणी किती वर्षं जगते? तिच्या आयुष्यातले पहिले चाळीस दिवस इतके महत्त्वाचे का?

परतवाड्यात आमच्या घराच्या मीटरच्या पेटीमागे दरवर्षी चिमणीचं घरटं होतं. यंदाही झालं. आजी ओट्यावर बसून ज्वारी पाखडत होती. वर बघून तिनं मला विचारलं, "मागच्या सालची तेच चिमनी होय का रे हे?"

मी इंजिनिअर, त्यात बातम्यांच्या डेस्कवर काम करणारा. उत्तर माहीत असायला हवं होतं. पण चिमणी किती वर्षं जगते, हेच मला सांगता येईना. मोबाइलवर शोधलं तर एका ठिकाणी तीन वर्षं, दुसऱ्या ठिकाणी तेरा, तिसऱ्या ठिकाणी तेवीस. तिन्ही आकडे एकाच पक्ष्याचे कसे असतील? त्याचं उत्तर शोधताना कळलं की आपण चिमण्यांसाठी जे करतो त्यातलं बरंचसं चांगलं असलं, तरी नेमकं जिथे त्यांचा जीव जातो तिथे ते पोहोचत नाही. समजून घेऊया.

चिमणी 'गाणारा पक्षी' आहे का?

कोकिळा गाते, दयाळ गातो, चिमणी नुसती चिवचिवते, असं आपण म्हणतो. पक्षिशास्त्राचं वर्गीकरण वेगळं आहे. ज्या पक्ष्यांचं स्वरयंत्र विशेष विकसित असतं, त्यांचा 'गाणारे पक्षी' हा मोठा गट आहे. दयाळ, बुलबुल, शिंपी, सुगरण, इतकंच काय कावळाही त्याच गटात येतो. चिमणीही तिथलीच. गंमत म्हणजे कोकिळा त्या गटात नाही.

मग चिमणी जगते तरी किती?

तिन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

पहिला प्रश्न, चिमणी जास्तीत जास्त किती जगू शकते? बंदिस्त अवस्थेत एक चिमणी २३ वर्षं जगल्याची नोंद आहे. मोकळ्या रानात सर्वाधिक वयाची नोंद डेन्मार्कची आहे. तिथे पायात कडी घातलेली एक चिमणी १९ वर्षं ९ महिन्यांनी मृत सापडली.

दुसरा प्रश्न, मोठी झालेली चिमणी पुढे किती जगते? मोठ्या चिमण्यांपैकी दरवर्षी साधारण ४५ ते ६५ टक्केच पुढच्या वर्षापर्यंत टिकतात. म्हणजे ढोबळमानाने निम्म्या जातात. या हिशेबाने वाढ पूर्ण झालेल्या चिमणीला सरासरी आणखी दीड-दोन वर्षंच मिळतात.

तिसरा प्रश्न, अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू किती जगतं? इथे आकडा सगळ्यात वाईट आहे. जन्मलेल्या पिल्लांपैकी जेमतेम २० ते २५ टक्के पिल्लं पहिला विणीचा हंगाम बघतात. बाकीची त्याआधीच जातात. हे आकडे प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांमधले आहेत, पण चिमणीच्या आयुष्याचा आकार त्यातून नीट दिसतो.

शंभर पिल्लांचा हिशेब

सोपं गणित करून बघू. शंभर पिल्लं जन्मली आणि पहिल्या हंगामापर्यंत त्यातली २५ टिकली, असं धरू. पुढे दरवर्षी निम्मी कमी होतात, असंही धरू.

- सुरुवातीला : १०० पिल्लं
- एक वर्षानंतर : २५
- दोन वर्षांनंतर : साधारण १२
- तीन वर्षांनंतर : ६
- चार वर्षांनंतर : ३
- पाच वर्षांनंतर : एखाद-दुसरी

शंभरातल्या ७५ पहिल्याच वर्षात गेल्या. नंतरच्या चार वर्षांत मिळून गेल्या फक्त २३-२४.

कॉलेजात आम्हाला 'बाथटब कर्व्ह' नावाचा आलेख शिकवायचे. कोणतंही यंत्र सुरुवातीच्या दिवसांत जास्त बिघडतं, मग बराच काळ नीट चालतं आणि शेवटी झिजून बंद पडतं. आलेख न्हाणीघरातल्या टबासारखा दिसतो, दोन्हीकडे उंच आणि मध्ये सपाट. चिमणीच्या बाबतीत टबाची डावी भिंत फार उंच आहे. उजवी भिंत मात्र क्वचितच दिसते, कारण म्हातारपणाने मरण्याइतकं वय फार थोड्या चिमण्यांच्या वाट्याला येतं.

चिमणीचं वय कळतं कसं?

चिमणीची वाढ पूर्ण झाली की नुसतं बघून तिचं वय सांगता येत नाही. त्यासाठी पक्ष्याच्या पायात क्रमांक असलेली हलकी धातूची कडी घालतात. तोच पक्षी पुन्हा सापडला की मधली वर्षं मोजता येतात. भारतात हे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये सुरू केलं. प्रशिक्षण आणि परवानगीशिवाय हे कुणी करायचं नसतं. आपल्या घरच्या चिमणीच्या पायाला दोरा किंवा रबर बांधणं म्हणजे तिचा पाय गमावण्याची तयारी.

पहिल्या चाळीस दिवसांत काय घडतं?

चिमणी साधारण तीन ते पाच अंडी घालते. अकरा ते चौदा दिवस ती उबवली जातात. पिल्लं घरट्यात आणखी पंधराएक दिवस राहतात. बाहेर पडल्यावरही आठवडा-दोन आठवडे आई-बाप त्यांना भरवतात. अंड्यापासून स्वतःचं स्वतः खाण्यापर्यंत सगळा मिळून चाळीस दिवसांचा मामला.

या दिवसांत पिल्लाचं वजन किती वाढलं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. घरटं सोडताना ज्याच्या अंगावर चांगलं वजन असतं, ते पुढे टिकण्याची शक्यता जास्त असते. कमी वजनाचं पिल्लू उडून जातं खरं, पण पहिल्या काही आठवड्यांतच मांजराच्या किंवा उन्हाच्या तावडीत सापडतं. आपल्याला वाटतं पिल्लं उडाली, काम झालं.

आपण ज्वारी टाकतो, मग पिल्लं उपाशी कशी?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. मोठी चिमणी दाणे खाते. पण पहिल्या दिवसांत पिल्लाला लागतात किडे. अळ्या, मावा, छोटे नाकतोडे, कोळी. त्यातून प्रथिनं मिळतात आणि पाणीसुद्धा. ओट्यावर टाकलेली ज्वारी आई-बापांचं पोट भरते. पिल्लासाठी त्यांना अळी शोधायला जावंच लागतं.

हे दुर्लक्षित केल्यावर काय होतं, त्याचं मोठं उदाहरण चीनचं आहे. १९५८ मध्ये तिथे धान्य खातात म्हणून चिमण्या मारण्याची देशव्यापी मोहीम निघाली. त्या आपल्या घरचिमणीच्या जवळच्या नात्यातल्या. कोट्यवधी पक्षी मेले आणि पिकांवर किडींचा ताण वाढला. अखेर १९६० मध्ये मारायच्या यादीतून चिमणीचं नाव काढून तिथे ढेकणाचं नाव घालावं लागलं.

आता वऱ्हाडाकडे बघू. आपल्याकडे एकेकाळी ज्वारीचा पेरा मोठा होता. कणसं भरली की माणसं मचाणावर बसून गोफणीने पाखरं हाकायची. आता ज्वारीच्या जागी बरंचसं सोयाबीन आलं. सोयाबीनचा दाणा चिमणीच्या फारसा कामाचा नाही. कपाशीवर आणि संत्र्याच्या बागांत फवारणी होते. ज्या मावा आणि अळीवर आपण फवारतो, त्यातलाच वाटा चिमणीच्या पिल्लांचा होता. धुऱ्यावरचं गवतही तणनाशकाने जातं. त्या गवताचं बी मोठ्या चिमण्या खायच्या आणि त्यातले किडे पिल्लांना जायचे.

शेतकऱ्याने फवारू नये, असं एसीत बसून सांगणं सोपं आहे. कपाशी हातची गेली तर भरपाई चिमणी देणार नाही. पण संपूर्ण धुरा जाळायचा की थोडं गवत ठेवायचं, आणि औषध लावलेलं उरलेलं बियाणं उघड्यावर टाकायचं की पुरायचं, इतकं तरी आपल्या हातात असतं. कॅनडात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थलांतर करणाऱ्या चिमणीसारख्या पक्ष्यांना इमिडाक्लोप्रिडचा अगदी थोडा अंश दिला गेला. त्यांचं खाणं कमी झालं, वजन घटलं आणि पुढचा प्रवास साधारण साडेतीन दिवसांनी लांबला. हे कीटकनाशक आपल्या भागातल्या दुकानांतही मिळतं.

घर बदललं, त्याचा संबंध काय?

चिमणी झाडावर क्वचितच घरटं करते. तिला भोक, फट, कोनाडा हवा असतो. मातीच्या भिंती, कवेलूंचं छप्पर, लाकडी वासे, भिंतीवरचे कलते फोटो यांत तिची सोय होती. स्लॅब, पीओपी आणि सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या आणि फटी बुजल्या. मग उरली मीटरची पेटी, दुकानाचं शटर, बोर्डाची पोकळ पट्टी.

या जागा मिळतात, पण धोक्याच्या असतात. शटर रोज दोनदा वर-खाली होतं. घरात शिरलेली चिमणी पंख्यात सापडते. आणि टिनाखालचं घरटं मे महिन्यात भट्टी होतं.

परतवाड्याचं ऊन पिल्लांना किती मारतं?

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकत ते अंगातली उष्णता बाहेर टाकतात आणि त्यात शरीरातलं पाणी जातं. मोठी चिमणी उडून सावलीत, पाण्यावर जाऊ शकते. पिसं न फुटलेलं पिल्लू कुठे जाणार?

हवामान चिमण्यांची निवड कशी करतं, याचा एक जुना अभ्यास जगभर शिकवला जातो. १ फेब्रुवारी १८९८ रोजी अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात मोठं वादळ झालं. हर्मन बम्पस या प्राध्यापकांकडे गारठलेल्या १३६ चिमण्या आणल्या गेल्या. त्यातल्या ७२ वाचल्या, ६४ मेल्या. त्यांनी सगळ्यांची मापं घेतली. वाचलेल्या आणि मेलेल्या पक्ष्यांच्या अंगमापात फरक निघाला. एका वादळाने काही तासांत निवड केली होती. आपल्याकडे ते काम थंडीऐवजी मे महिन्याचं ऊन करतं.

मांजर, शिक्रा की आजार?

तिन्ही. उडायला शिकणारं पिल्लू जमिनीवर उतरलं की मांजराला आयतं मिळतं. कावळा आणि भारद्वाज घरट्यातलं पिल्लू उचलतात, शिक्रा उडती चिमणी पकडतो. हे निसर्गाचं चालायचंच. अडचण तेव्हा होते, जेव्हा लपायला झुडूपच उरत नाही.

आजाराचं उदाहरण लंडनचं आहे. तिथे १९९५ ते २००८ या काळात चिमण्या ७१ टक्क्यांनी घटल्या. संशोधकांनी तिथल्या ११ वस्त्यांमधल्या चिमण्यांचं रक्त तपासलं. सरासरी ७४ टक्के चिमण्यांमध्ये पक्ष्यांच्या मलेरियाचा परजीवी सापडला. ज्या वस्त्यांमध्ये त्याचं प्रमाण तीव्र होतं, तिथे संख्या घटताना दिसली. हा माणसाला होणारा मलेरिया नव्हे. पसरवतात मात्र तिथेही डासच.

त्याच लंडनमध्ये काही वस्त्यांना मुद्दाम अळ्या पुरवून बघितलं गेलं. उडती झालेली पिल्लं वाढली, पण मोठ्या वस्त्यांमध्ये मोठ्या चिमण्यांची संख्या तितकी वाढली नाही. म्हणजे एकच कारण पकडून उपयोग नाही. पिल्लू वाढवलं तरी पुढे त्याला जागा, निवारा आणि आरोग्य लागतंच.

मोबाइल टॉवरमुळे चिमण्या मरतात का?

हा मेसेज आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर येतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या देशव्यापी अहवालाने सांगितलं की टॉवर आणि चिमण्यांची घट यांचा ठोस संबंध दाखवणारा पुरावा मिळालेला नाही. बेल्जियममधल्या एका अभ्यासात जास्त लहरी असलेल्या जागी नर चिमण्या कमी दिसल्या होत्या. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं सिद्ध होत नाही. टॉवर वाढले त्याच वर्षांत सिमेंटची घरं वाढली, फवारणी वाढली, मोकळी अंगणं गेली.

टॉवरला दोष देण्यात एक सोय आहे. टॉवर कंपनीचा असतो, घराचा स्लॅब आपला असतो.

चिमण्या नामशेष होताहेत का?

त्याच अहवालानुसार देशभराचा विचार केला तर गेल्या पंचवीसेक वर्षांत चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे. घट दिसते ती मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता अशा महानगरांत. म्हणजे परतवाडा, अचलपूर, अंजनगाव, अकोट यांसारखी गावं-शहरं आज चिमणीचा आधार आहेत. आपण आता ज्या वाटेने घरं बांधतोय, ती वाट महानगरं आधीच चालून गेली आहेत.

इथे पुन्हा गणित येतं. एका जोडीतली साधारण एक चिमणी दरवर्षी जाते. ती जागा भरायला दरवर्षी एक नवी चिमणी मोठी व्हायला हवी. चारातलं एक पिल्लू जगत असेल, तर जोडीने वर्षाला चार पिल्लं जन्माला घातली की हिशेब जुळतो. आठातलं एकच जगू लागलं, तर आठ लागतील. चिमणी वर्षातून दोन-तीनदा विते, म्हणून ती बराच काळ हा तोटा भरून काढते आणि आपल्याला काही जाणवत नाही. ती मर्यादा ओलांडली की काही वर्षांतच अंगण शांत होतं.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर काय करायचं?

इथे माझी चूक सांगतो. सातवीत असताना घरट्यातून पडलेलं एक पिल्लू मी उचललं. तहान लागली असेल म्हणून ड्रॉपरने चोचीत पाणी सोडलं. ते दोन मिनिटांत गेलं. मला वाटलं, ते आधीच मरायला टेकलेलं होतं. हा लेख लिहिताना कळलं की पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. वरून सोडलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं.

म्हणून लक्षात ठेवा :

- अंगावर पिसं नाहीत : हलक्या हाताने उचलून घरट्यात परत ठेवा. माणसाचा वास लागला तर आई टाकून देते, हा समज चुकीचा आहे.
- पिसं फुटली आहेत, उड्या मारतंय : ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. जवळच्या झुडपावर किंवा उंच जागी सावलीत ठेवा आणि दूर व्हा. आई-बाप येऊन भरवतात.
- चोचीत पाणी, दूध, पाव, भात काहीही घालू नका.
- मांजराचा दात लागला असेल किंवा पंख मोडला असेल, तर छोट्या खोक्यात अंधारात ठेवून वनविभागाला किंवा पशुवैद्यकाला कळवा. पिंजऱ्यात पाळू नका. आपल्याकडचे रानपक्षी पाळणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

घरी काय करता येईल?

- घरटं लाकडाचं : लाकडाच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या परतवाड्यात आरामशीनवर फळीचे तुकडे सहज मिळतात. भोक साधारण ३२ मिलिमीटर ठेवा. आठ-दहा फुटांवर, सावलीच्या भिंतीला लावा. टिनाचं किंवा प्लास्टिकचं घरटं उन्हात नको.
- पाणी उथळ : पसरट मातीचं भांडं, पाणी बोटभर खोल. रोज बदला, दोन-तीन दिवसांनी घासा. घाण भांड्यातून आजार पसरतात आणि साचलेल्या पाण्यात डास होतात.
- थोडी जागा किड्यांसाठी : मेंदी, बोगनवेल, तुळस, कोपऱ्यातलं गवत. कुंडीतल्या मावा पडलेल्या फांदीवर लगेच स्प्रे मारू नका. विणीच्या दिवसांत चिमण्या तो टिपून नेतात.
- पंखा आणि शटर : घरात घरटं असेल तर पंख्याला जाळी लावा. शटरमध्ये काड्या जमायला लागल्या की सुरुवातीलाच बाजूला पर्यायी पेटी लावा. अंडी घातल्यावर घरटं हलवू नका.
- नोंद ठेवा : २० मार्चचा जागतिक चिमणी दिन नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारातून २०१० पासून साजरा होतो. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. पहिली तारीख मेळघाटात वनाधिकारी राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसाची, शेवटची डॉ. सालिम अली यांच्या. त्या दोन वेळी आपल्या गल्लीतल्या चिमण्या मोजल्या, तरी चार-पाच वर्षांत आपल्या गल्लीचं चित्र कळेल.

आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर?

चिमण्या एकदा जागा धरली की सहसा लांब जात नाहीत. घरट्याची जागाही पुन्हा पुन्हा वापरतात. जोडीतला एक गेला, तर काही दिवसांत दुसरा जोडीदार येतो. त्यामुळे मीटरच्या पेटीमागे मागच्या वर्षीचीच चिमणी असण्याची शक्यता साधारण निम्मी. उरलेल्या निम्म्यात ती एखादी नवी चिमणी असेल, कदाचित आमच्याच गल्लीत वाढलेली.

आजीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तुले बी ठाऊक नाई." मग सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं की पेटीवर ऊन किती वाजेपर्यंत राहतं. तपासलं, तर दुपारी तीनपर्यंत. त्याच संध्याकाळी पेटीच्या वरच्या बाजूला, घरट्याला हात न लावता, आम्ही पोत्याची सावली बांधली. आत चार पिल्लं आहेत. गणिताप्रमाणे त्यातलं एक टिकायला हवं.